जुन्या रोशफोर १० ला सोयासॉसचा वास
पाच वर्षं ठेवलेल्या रोशफोर १० या बेल्जियन बिअरला सोयासॉससारखा वास येतोय, फेकायची का, असं एकाने विचारलंय. लगेच नको. ११.३ टक्के अल्कोहोलची ही बिअर बाटलीतच पुन्हा आंबते, तळाशी यीस्ट असतं. उबेत राहिलं की यीस्टच्या पेशी फुटतात, वास त्याचाच.

पुढची बाटली दोन दिवस उभी ठेवा. १२-१४ अंशांवर, ग्लास तिरका धरून एकाच दमात ओता. मध्ये बाटली सरळ केलीत की गाळ ढवळलाच. शेवटची बोटभर बाटलीतच राहू द्या.

मनुका, खजूर, शेरी वाईनची चव लागली तर ऑक्सिडेशन (ऑक्सिजनमुळे हळूहळू होणारा बदल) फळलं म्हणायचं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र इलाज नाही. आणि आयपीए, म्हणजे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) भरपूर घातलेली बिअर, कशाला साठवताय? हॉप्सचा सुगंध काही महिन्यांतच उतरतो.