हाडाचा दगड झाला नसेल तर त्याला ‘जीवाश्म’ म्हणावं का?

करवंदी:
मुलांच्या एका मासिकासाठी मायोर्का बेटावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. स्पेनच्या पूर्वेला, भूमध्य समुद्रात आहे हे बेट. १९०९ साली डोरोथिया बेट या इंग्रज बाई तिथल्या किनाऱ्यालगतच्या गुहा धुंडाळत फिरल्या आणि त्यांना एका भलत्याच प्राण्याची हाडं मिळाली. खांद्यापाशी उंची जेमतेम ५० सेंटीमीटर, अंग शेळीचं, पण खालच्या जबड्यात पुढे उंदरासारखे जन्मभर वाढत राहणारे दोनच दात. डोळे आपल्यासारखे समोर बघणारे. बेटावर शिकारी जनावर नाही, मग मागचं बघायचंय कशाला!

मी लिहिलं, ‘गुहेत या प्राण्याचे जीवाश्म सापडले.’ मुद्रितशोधक काकांनी लाल रेघ मारून समासात लिहिलं, ‘अश्म कुठे आहे?’ आता बोला. हा प्राणी संपून चारेक हजार वर्षंच झालीत. हाडं हाडंच राहिलीत, त्यांतून डीएनएसुद्धा निघालाय. ‘अवशेष’ म्हटलं की मला किल्ल्याचा बुरूज दिसतो. ‘हाडं’ म्हटलं की खाटकाच्या दुकानामागची जागा. काय लिहू?

पाटीपेन्सिल:
काकांचं बरोबर आहे. जीव अधिक अश्म. दगड नाही तर जीवाश्म नाही. सिरोंच्याजवळ वडधमला गेलो होतो, तिथे झाडांचे ओंडके दगड होऊन पडलेत. बोटाने टकटक केलं तर बोट दुखलं. तो जीवाश्म. तुमच्यासाठी ‘उपजीवाश्म’ असा शब्द करता येईल.

खारेवारे:
पाटीपेन्सिल, पेट्रोल भरता का गाडीत? त्याला ‘जीवाश्म इंधन’ म्हणतात, शाळेच्या पुस्तकात छापलंय. त्यातला अश्म दाखवा आधी.

आणि ‘फॉसिल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘खणणे’ या क्रियापदावरून आलाय. खणून काढलेलं ते फॉसिल, एवढंच. दगड आपण मराठीत (म्हणजे संस्कृतात) घुसडला आणि आता तोच आपल्याला नडतोय. ‘उपजीवाश्म’ वाचून दहा वर्षांचं पोर मासिक मिटून ठेवेल.

पाटीपेन्सिल:
पेट्रोलचा शब्द चुकीचा पडला म्हणून हाडांचाही चुकवायचा? लॅटिन व्युत्पत्तीवर मराठी शब्दाचा अर्थ ठरत नाही. खणून तर बटाटेही काढतात.

सांजवात:
आमच्या आजीच्या देवघरात शाळिग्राम होता. गंडकी नदीतला, आत शंखासारखं चक्र. तो खराखुरा समुद्री जीवाचा अश्म आहे हे मला कॉलेजात कळलं. आपल्याकडे जीवाश्माची रोज आंघोळ घालून पूजा होत होती आणि त्याला शब्द नव्हता असं कसं म्हणता? (करवंदीताई, याचा तुम्हाला उपयोग नाही, माहीत आहे.)

आगाऊ कार्टं:
त्या प्राण्याचं मराठी नाव काय ठेवलंत ते सांगा ना!

करवंदी:
तेही भिजत घोंगडं आहे. बेटबाईंनी ‘मायोट्रॅगस’ ठेवलं, ग्रीकमध्ये उंदीर आणि बोकड. मी ‘उंदीरबोकड’ केलंय.

पाटीपेन्सिल:
ग्रीक ‘मूस’ आणि आपला ‘मूष’ एकाच कुळातले. अज म्हणजे बोकड. ‘मूषाज’! सुटसुटीत आहे.

खारेवारे:
मूषाज वाचून मला मुशी आठवली. आमच्याकडे मुशीचं सुकं करतात. मुलं विचारतील, हा मासा की शेळी?

दगडीपाटा:
बोकड म्हणूच नका. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला तेव्हा त्याचा सगळ्यांत जवळचा जिवंत नातेवाईक निघाला टाकिन. भूतान, अरुणाचलकडचा तो फुगलेल्या नाकाचा धिप्पाड प्राणी. तेव्हा ‘उंदीरटाकिन’ म्हणा, नाहीतर मायोट्रॅगसच राहू द्या. मीठ कसं मीठ म्हणून खातो, तसं.

करवंदी:
नावात काय ठेवायचं ते बघू, पण पुढे आणखी अडलंय. त्याच्याबरोबर एक मोठ्ठी चिचुंद्री होती, ते ठीक. पण डॉरमाउसचं (उंदरासारखा, खूप झोपणारा प्राणी) काय करू? तोही बेटावर वाढून दांडगा झालेला. शास्त्रीय नाव हिप्नोमिस.

पाटीपेन्सिल:
स्वप्नमूषक! थट्टा नाही. ग्रीक ‘हिप्नोस’ म्हणजे झोप, आणि तो नि संस्कृत ‘स्वप्न’ मुळात एकच शब्द.

आगाऊ कार्टं:
तुमच्या हातात दिलं तर सगळं प्राणिसंग्रहालय गणपतीसमोर नेऊन बसवाल.

माळरानी:
मी शब्दांतली नाही, शेळ्यांतली. लेखात त्यांच्या लेंड्यांबद्दल काही आहे का? कुठेतरी वाचलं होतं.

करवंदी:
आहे! बेटाच्या उत्तरेच्या एका गुहेत सापडल्या. त्यांत बॉक्स नावाच्या झुडपाचे भरपूर परागकण होते. हे झुडूप विषारी, तरी हा प्राणी ते खायचा. आणि ते आता मायोर्कात फार थोड्या जागी उरलंय. हाडांवरून प्राणी कळला, लेंड्यांवरून अख्खं रान. मूळ लेखातल्या शब्दाला कोशात ‘विष्ठाश्म’ मिळाला, पण परत अश्म!

माळरानी:
लेंड्या लिहा की सरळ. गाईचं शेण, घोड्याची लीद, शेळीची लेंडी. एका शब्दात आकारसुद्धा कळतो. विष्ठा कोणाचीही असते.

खारेवारे:
माळरानीताईंना माझ्याकडून एक मुशी.

दगडीपाटा:
माळरानी, तुम्हालाच विचारतो. गुहांत काही शिंगं कापल्यासारखी मिळाली होती. त्यावरून माणसांनी हे प्राणी पाळले होते असं बरीच वर्षं मानत. नंतरच्या अभ्यासकांना ते पटलं नाही. त्या प्राण्यांनीच एकमेकांची शिंगं कुरतडली असावीत, असं एक मत. शेळ्या हाडं खातात?

माळरानी:
खातात म्हणजे काय! चाऱ्यात कस नसला की आमच्या गाईसुद्धा उकिरड्यावरचं हाड तोंडात धरून तासभर चघळतात. डॉक्टर म्हणतात फॉस्फरस कमी पडतो. खनिज मिश्रण दिलं की थांबतं. पाळले वगैरे ठरवण्याआधी एखाद्या गुराख्याला विचारायचं होतं.

सांजवात:
‘चघळणे’ आणि ‘चावणे’ यांत आमच्याकडे फरक करतात. तुमच्याकडे ‘चाळवणे’ असं काही म्हणतात का?

करवंदी:
मंडळी, मूळ प्रश्न! एक नवा पेच सांगते. त्याच बेटावर मुलेता नावाच्या गुहेत एका बेडकाची हाडं मिळाली. १९७० च्या दशकात हाडांवरूनच त्याला नाव दिलं, मुलेतावरून. प्राणी संपलेला, असंच धरून. आणि थोड्याच काळात तो डोंगरातल्या दऱ्यांमध्ये पाण्यात बसलेला सापडला, जिवंत. मग ती हाडं जीवाश्म की नुसती हाडं?

पाटीपेन्सिल:
हाडं.

खारेवारे:
जीवाश्म. बेडूक जिवंत असला म्हणून जमिनीतलं हाड ताजं होत नाही.

आगाऊ कार्टं:
त्याला तिथले लोक काय म्हणतात?

करवंदी:
फेरेरेत. म्हणजे छोटा लोहार. ऐरणीवर हातोडी पडावी तसा आवाज काढतो म्हणून.

सांजवात:
अगं, म्हणजे आपला तांबट! पक्षी टुक टुक करतो, तांब्याची भांडी ठोकल्यासारखा. लिही ना ‘लोहारबेडूक’. मला तर आत्ताच ऐकू यायला लागला.

पाटीपेन्सिल:
लोहारबेडूक चालेल. जोडून लिहा मात्र.

करवंदी:
काकांचा फोन आला होता. अंक गुरुवारी छपाईला जातोय. त्यांनी ‘जीवाश्म’ काढून ‘जुनी हाडं’ केलंय आणि ‘उंदीरबोकड’वर प्रश्नचिन्ह आहे. लेंड्यांना हात लावलेला नाही.

खारेवारे:
‘जुनी’ म्हणजे किती जुनी? आमच्या जिन्याखाली १९८६ चं एक आहे.