विक्रमी मदत गेली कुठे?

प्रश्न
श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम विकासमदतीला द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 1970 मध्ये ठरवलं. 2024 ची सरासरी निघते 0.33 टक्के. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि लक्झेंबर्ग, एवढेच चार देश 0.7 च्या वर. तरी 2022 आणि 2023 मध्ये मदत विक्रमी झाल्याचं वाचलं. गरीब देशांच्या हाती खरंच जास्त पडलं का?

प्रतिसाद
आकड्यात दिसतं तितकं नाही. निर्वासितांवर पहिले बारा महिने श्रीमंत देशांनी स्वतःच्याच देशात केलेला खर्चही मदतीत धरता येतो. युक्रेनमधून लाखो लोक बाहेर पडले, आणि 2022 मध्ये हा खर्च 29 अब्ज डॉलरवर गेला. एकूण मदतीच्या सुमारे 14 टक्के. आसरा द्यायलाच हवा, पण तो खर्च या खात्यात पडू नये असं मला मनापासून वाटतं.

मी मदतीवर चालणाऱ्या पाणीयोजनांचे हिशेब लिहायचो. एका योजनेत पंप देणगीदार देशातूनच घ्यायची अट होती. पंप उत्तम होते. पण एक सुटा भाग झिजला आणि तो समुद्रापलीकडून येईपर्यंत पाच महिने गेले. तोवर बायका पुन्हा जुन्या विहिरीवर. माझ्या वहीत मात्र मदत पुरी खर्ची पडलेली!

दुसरा प्रतिसाद
अशा अटी काही देशांनी काढल्या. मलेशियातल्या पेर्गाऊ धरणाला ब्रिटनने दिलेली मदत ब्रिटनच्याच न्यायालयाने 1994 मध्ये बेकायदा ठरवली. तिचा धागा शस्त्रविक्रीशी जुळलेला होता. 2001 पासून ब्रिटनची मदत अटींतून मोकळी झाली. आता मात्र रक्कमच आटते आहे: 2021 मध्ये 0.7 वरून 0.5, आणि 2027 पर्यंत 0.3, संरक्षणखर्च वाढवायचा म्हणून.

प्रश्नकर्ती
आणि अमेरिका?

पहिले प्रतिसादक
1961 मध्ये उभी राहिलेली यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, 1 जुलै 2025 ला बंद झाली, उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. मला कपातीइतकाच तिचा अचानकपणा बोचतो. दवाखान्याच्या हिशेबात परिचारिकांचा पगार दर महिन्याला येतो, तो पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत थांबत नाही. कपात करायचीच तर दोन वर्षं आधी सांगा.

तुम्ही मदतीच्या आकड्यांचा तक्ता मांडत असाल तर निर्वासितांचा रकाना वेगळा काढा.

प्रश्नकर्ती
काढते. 2022 पासूनची सगळी वर्षं पुन्हा मांडते.