मदत हवी आहे: फ्रेम घेताना व्हिडिओ अडकत चालतो (तातडीचे)

फिरकी_सुईदोरा
मल्लखांबाच्या पोरांचे व्हिडिओ आहेत, फोनवर काढलेले. उडी मारून उतरताना पाय कुठे पडतात ते एकेका फ्रेममध्ये दाखवायचंय. पण फ्रेम घेणं सुरू केलं की चित्र अडकतं आणि आवाज पुढे निघून जातो. फोनवर तोच व्हिडिओ छान चालतो, त्यामुळे फाइल खराब आहे असं कृपया सांगू नका. लॅपटॉप नवीनच आहे. रविवारी पालकांना दाखवायचंय, लवकर सांगा.

टेकडीवरचा
कुठलं सॉफ्टवेअर? फ्रेम घेणं म्हणजे स्क्रीनशॉट की आणखी काही? व्हिडिओचं रिझोल्यूशन? "नवीन" म्हणजे प्रोसेसर कुठला?

लिनक्सवाले_काका
विंडोज असणार. लिनक्स टाका, कटकटच मिटेल. माझ्या जुन्या डब्यावर सगळं झ्याक चालतं.

रॅमभक्त
८ जीबी असेल तर १६ करा. दुसरं कारण असूच शकत नाही.

टेकडीवरचा
@रॅमभक्त, अजून त्यांनी काही सांगितलेलंच नाही हो.

फिरकी_सुईदोरा
व्हीएलसी प्लेअर, आणखी काय असणार? प्रेफरन्सेसमध्ये जाऊन सीन फिल्टर चालू केलाय, म्हणजे व्हिडिओ चालताना फ्रेमची चित्रं आपोआप साठतात. रेकॉर्डिंग रेशो १, म्हणजे प्रत्येक फ्रेम, कारण एकही सुटायला नको. चित्रं पीएनजी, म्हणजे दाबूनही तपशील न गमावणारी, पिक्चर्स फोल्डरात. व्हिडिओ फोर-के, सेकंदाला ६० फ्रेमचा. रॅम ८. काकांना नमस्कार, लिनक्स सध्या शक्य नाही.

गिरणगावकर
हेच पहिल्या पोस्टीत हवं होतं. आता हिशेब बघा. ३८४० × २१६० पिक्सेल, प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे एक कच्ची फ्रेम साधारण २५ एमबी. सेकंदाला अशा ६०, म्हणजे जवळजवळ दीड जीबी. रेशो १ ठेवलात, त्यामुळे यातली प्रत्येक फ्रेम पीएनजीत दाबून डिस्कवर लिहायची, आणि वर व्हिडिओही वेळेत दाखवायचा. एका फ्रेमच्या वाट्याला येतात १६-१७ मिलिसेकंद. तेवढ्यात फोर-के पीएनजी होत नाही. रेशो मुळात ५० असतो, म्हणजे पन्नासातली एकच फ्रेम, तो उगाच नव्हे.

आणखी एक. उशीर झालेल्या फ्रेम प्लेअर टाकून देतो. म्हणजे "एकही सुटायला नको" म्हणून केलंत आणि नेमक्या त्याच सुटत असणार. पिक्चर्स फोल्डर क्लाउडवर सिंक होतंय का तेही बघा.

निमूटराव
हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं, ते बंद करा. फिल्टरसाठी फ्रेम ग्राफिक्सच्या मेमरीतून बाहेर आणावी लागते, तिथेच घोडं अडतं.

गिरणगावकर
ते बंद केलं तर फोर-के डिकोड करायचा भार पण प्रोसेसरवरच येणार. फोनचा व्हिडिओ एचईव्हीसी (जास्त दाबलेला, उलगडायला जड प्रकार) असेल तर आगीतून फुफाट्यात.

निमूटराव
माझ्याकडे चालतं.

गिरणगावकर
तुमचा व्हिडिओ फोर-के ६० आहे का?

निमूटराव
७२०, बराच लहान. पण तत्त्व तेच.

जुनी_रीळ
मुळात चालत्या व्हिडिओतून फ्रेम काढायच्याच कशाला? एफएफएमपेग घ्या, कमांड लिहून चालवायचं व्हिडिओचं सॉफ्टवेअर. कुठल्या सेकंदापासून आणि किती वेळ ते सांगायचं, की सगळी चित्रं फोल्डरात. त्याला काही दाखवायचं नसतं, त्यामुळे अडकण्याचा प्रश्नच येत नाही, लागेल तो वेळ घेतो. उडी तीन सेकंदांची धरली तर १८० चित्रं.

फिरकी_सुईदोरा
काळ्या खिडकीत कमांड लिहायची ना? रविवारपर्यंत नाही जमणार. माऊसने होईल असं सांगा.

जुनी_रीळ
मग सीन फिल्टर बंद करा. उडीच्या जरा आधी व्हिडिओ थांबवा आणि कीबोर्डवरचं ई (E) दाबत राहा, एकेक फ्रेम पुढे सरकते. हवी ती आली की शिफ्ट आणि एस (S), ती चित्र म्हणून साठते. मागे सरकता येत नाही, म्हणून थोडं आधीच थांबायचं.

घाटावरची
अवांतर: पुरलेला मल्लखांब की दोरीचा? माझ्या मुलीला दोरीच्या वर्गाला घालायचंय, कितव्या वर्षी घालावं?

टेकडीवरचा
फिल्टर खरंच बंद झालाय ना ते बघा. प्लेअर बंद केला तरी फिल्टरसमोरची टिकची खूण तशीच राहते. रात्री सिनेमा लावाल आणि सकाळी डिस्क भरलेली. "सीन" नावाने सुरू होणाऱ्या फाइल्स आधी उडवा.

फिरकी_सुईदोरा
ई आणि शिफ्ट-एसने काम झालं, आभार. सीनवाल्या फाइल्स खरंच ढीगभर निघाल्या. @घाटावरची, आमचा पुरलेला, दोरीचं तिथल्या सरांनाच विचारा. आता फ्रेम मिळतेय, पण नेमका जमिनीला टेकताना पाय फरफटलेला दिसतो. पीएनजी असूनही असं का?

रॅमभक्त
रॅम.

जुनी_रीळ
रॅम नव्हे. चित्रीकरणातच पाय हललेला आहे, आता कुठल्याही सॉफ्टवेअरने तो स्थिर होणार नाही. संध्याकाळी हॉलमध्ये काढलाय ना? प्रकाश कमी पडला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. पुढच्या वेळी सकाळी मैदानात काढा, फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. हॉलमध्ये तेवढं शटर ठेवाल तर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकेल, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ते दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. तिथे १/१०० च्या खाली-वर जाऊ नका, थोडा फरफटा राहील तो चालवून घ्या. रविवारसाठी टेकायच्या एक-दोन फ्रेम आधीची आणि नंतरची घ्या, पालकांना तेवढं पुरेल.