बी मेसॉन एवढा लांब जातोच कसा?

खानापूरकर: एमएस्सीला हाय मी, बेळगावात. बी मेसॉनचं (एक जड बॉटम नि एक हलका क्वार्क मिळून झालेला कण) आयुष्य साधारण 1.5 पिकोसेकंद, म्हणजे उजेडाच्या वेगानं पळाला तरी 0.45 मिमी, मग एलएचसीबीत (सर्नचा डिटेक्टर) तो सेंटीमीटरभर जाऊन फुटतोय ते कसं काय की? वर पुस्तकात जड क्वार्कला नॉन-रिलेटिव्हिस्टिक (उजेडापेक्षा लई हळू) धरतात, डोकं आउट झालंय बघा

निपाणी_एक्सप्रेस: टाइम डायलेशन की रे, पळत्या कणाचं घड्याळ आपल्याला हळू चालतंय दिसतं! मोमेंटम 100 जीईव्ही धर, वस्तुमान 5.28, गॅमा (घड्याळ किती पट हळू ते) 19 च्या आसपास. 0.45 ला गुण, साडेआठ मिमी. जपानात बेल-2 प्रयोगाला बी पळावा म्हणून 7 आणि 4 जीईव्हीचे बीम मुद्दाम कमीजास्त ठेवलेत, तरी जेमतेम 0.13 मिमी जातोय

टिळकवाडी_काका: बाळा, दोन गोष्टी मिसळतोयस. ते आख्ख्या मेसॉनचं पळणं, आतल्या क्वार्कचं वेगळं. बस सुसाट सुटली म्हणून आतली माणसं सीटवरनं उडत नाहीत (आपल्या रोडला उडतात ते सोड). आतल्या वेगाचा वर्ग, उजेडाच्या वेगाच्या वर्गाशी तुलनेत, बॉटमोनियमात (बॉटम नि त्याचा अँटिक्वार्क) 0.1 च्या आसपास, चार्मोनियमात (तशीच चार्म क्वार्कची जोडी) 0.3, म्हणून जे-साय या चार्मोनियमच्या डिकेत (फुटण्यात) करेक्शन चांगलंच मोठं येतं. बी मध्ये तर हलका क्वार्क पुरता रिलेटिव्हिस्टिक, जड तेवढा जवळपास गप बसलेला

खानापूरकर: आणि बी थांबलेलाच धरला तर काका?

टिळकवाडी_काका: तरी सुटका न्हाई. बी फुटून डी (चार्म क्वार्कवाला मेसॉन), लेप्टॉन (इलेक्ट्रॉनसारखा कण), न्यूट्रिनो झाले की डीचा गॅमा 1.59 पर्यंत जातोय, वेग उजेडाच्या 78 टक्के. फॉर्म फॅक्टर (मेसॉनच्या आतल्या बांधणीचा फुटण्यावरचा परिणाम सांगणारं फंक्शन) काढताना खरी गंमत तिथंच हाय