साखर आधी, मिरची नंतर

अल्बमांची एक यादी वाचली. पंक (वेगवान, खरखरीत रॉक) आधी आलं आणि त्याला साखर लावून पॉवर पॉप (गोड चालींचा गिटार-रॉक) झालं, हे तिच्यासोबतचं म्हणणं काही पटलं नाही. बिग स्टार या पॉवर पॉप बँडचा 'नंबर वन रेकॉर्ड' १९७२चा, रामोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम १९७६चा. म्हणजे साखर आधीच डब्यात होती! बिग स्टार तेव्हा फारसा विकलाच गेला नाही, वितरण गंडलं होतं. माझा जीव मात्र त्यांच्या 'रेडिओ सिटी' या अल्बमवर. त्यातलं 'सप्टेंबर गर्ल्स' तीन मिनिटांच्या आत आटपतं आणि पुढचा तासभर डोक्यात खणखणत राहतं.

रामोन्सचा तो पहिला अल्बम हेडफोन लावून ऐका: एका कानात गिटार, दुसऱ्यात बास. एक बाजू काढून ठेवली की उरलेलं वाद्य सुटं ऐकू येतं, घरबसल्या शिकवणीच. चौदा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खेळ खल्लास.

यादीत बझकॉक्स हा पंक बँड कसा नाही? 'सिंगल्स गोइंग स्टेडी'च्या (१९७९) मूळ तबकडीवर एका बाजूला आठ सिंगल्स (सुट्या छोट्या तबकड्यांवर निघालेली गाणी), दुसऱ्या बाजूला त्याच छोट्या तबकड्यांच्या मागच्या बाजूंची आठ गाणी. संकलन आहे, अल्बम नाही, असा आक्षेप येईलच. येऊ दे. मला तर दुसरी बाजूच जास्त आवडते.

इंडीत (छोट्या, स्वतंत्र कंपन्यांच्या रॉकमध्ये) टीनएज फॅनक्लब या बँडचा 'बँडवॅगनेस्क', १९९१. बिग स्टारची उधारी उघड दिसते, पण व्याजासकट फेडलीय.