घरातल्या लिनक्स संगणकांमध्ये फाइली आणि प्रिंटर सामायिक करण्यासाठी सल्ला हवा आहे

धागाकर्ती:

नमस्कार. आमच्या नाशिकच्या घरात तीन संगणक आहेत आणि तिन्हींवर लिनक्स ही कार्यप्रणालीच आहे, फक्त तिचे प्रकार निराळे. बैठकीच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर मिंट, मुलीच्या लॅपटॉपवर उबुंटू आणि सासऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन. सासरे आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव आहेत, त्यामुळे सभांची इतिवृत्ते, नोटिसा आणि थकबाकीच्या याद्या घरातच तयार होतात. टंकलेखनाचे बरेचसे काम मी करते. प्रिंटर कॅननचा एलबीपी २९०० असून तो यूएसबीने डेस्कटॉपला जोडलेला आहे. काहीही छापायचे झाले की पेनड्राइव्ह घेऊन डेस्कटॉपपाशी जावे लागते आणि त्या फिरवाफिरवीत एकाच इतिवृत्ताच्या निरनिराळ्या प्रती तयार होऊन त्यांतली अंतिम कोणती, हेच कळेनासे होते.

संस्थेची कागदपत्रे सासऱ्यांना आणि मला बदलता यावीत, मुलीला मात्र ती फक्त वाचता यावीत आणि छपाई तिन्ही ठिकाणांहून व्हावी, अशी अपेक्षा आहे. सभासदांचे फोन क्रमांक आणि थकबाकी त्यात असल्यामुळे ही कागदपत्रे क्लाउडवर ठेवायची नाहीत. डेस्कटॉप दिवसभर चालू नसतो, म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घेऊन प्रिंटर त्याला जोडावा, असे एका दुकानदाराने सुचवले आहे. ते योग्य ठरेल का? आणि नेटवर्कवरून फाइली सामायिक करण्याच्या प्रणालींपैकी एनएफएस निवडावे की सॅम्बा?

पहिला प्रतिसाद:

रास्पबेरी पायची खरेदी तूर्त थांबवावी, अशी विनंती आहे. एलबीपी २९०० हा प्रिंटर आपल्याकडे घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो, चालतोही उत्तम. परंतु पान समजून घेण्याची व्यवस्था त्याच्या आत नसते. पानाचे चित्र संगणकावरचा ड्रायव्हर तयार करतो आणि ते कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट या भाषेत प्रिंटरला पाठवतो. कॅननने लिनक्ससाठी दिलेला हा ड्रायव्हर इंटेल आणि एएमडी प्रकारच्या प्रोसेसरांसाठी आहे. रास्पबेरी पायच्या एआरएम प्रोसेसरवर तो चालत नाही. स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त स्रोत ड्रायव्हर उपलब्ध आहे, पण सभेच्या आदल्या रात्री नोटिसा छापायच्या असतील तर त्यावर विसंबण्याचा सल्ला मी देणार नाही. प्रिंटर डेस्कटॉपलाच राहू द्यावा.

छपाईचा सगळा कारभार कप्स ही प्रणाली पाहते आणि ती तुमच्या तिन्ही संगणकांवर बहुधा आधीच असेल. डेस्कटॉपवर ब्राउझर उघडून लोकलहोस्टच्या (म्हणजे त्याच संगणकाच्या) ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या दारावर, जावे. तेथे प्रशासनाच्या पानावर, जोडलेले प्रिंटर सामायिक करण्याच्या पर्यायावर खूण करावी आणि नंतर त्या प्रिंटरच्या स्वतःच्या पानावरही सामायिक करण्याची परवानगी द्यावी. यांतली दुसरी पायरी पुष्कळांकडून राहून जाते आणि मग प्रिंटर इतरत्र दिसत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. लॅपटॉपवर प्रिंटर जोडताना मॉडेल विचारले गेले, तर कॅननचे नाव निवडू नये. आयपीपी एव्हरीव्हेअर हा, कंपनीचा ड्रायव्हर न लागणारा सर्वसाधारण पर्याय निवडावा. लॅपटॉपने फक्त पीडीएफ किंवा साधे पानचित्र पाठवायचे आणि ते कॅप्टमध्ये रूपांतरित करण्याचे काम डेस्कटॉपने करायचे, अशी ही विभागणी आहे. दोन्हीकडे कॅननचा ड्रायव्हर बसवला, तर एकदा रूपांतरित झालेली माहिती पुन्हा रूपांतरित होऊ लागते आणि हाती कोरी पाने किंवा अगम्य चिन्हे येतात. देवनागरीची काळजी नको, कारण पीडीएफमध्ये टंक अंतर्भूत केलेले असतात. सासऱ्यांच्या लॅपटॉपवरचा मराठी टंक डेस्कटॉपवर नसला, तरी जोडाक्षरे जशीच्या तशी छापली जातात.

लॅपटॉपवर प्रिंटर कायमस्वरूपी जोडून ठेवलेला असेल, तर डेस्कटॉप बंद असताना पाठवलेले काम लॅपटॉपच्या रांगेत थांबते आणि डेस्कटॉप सुरू झाल्यावर छापले जाते. त्यामुळे डेस्कटॉप दिवसभर चालू ठेवण्याची गरज नाही. पुढे कधी प्रिंटर बदलण्याची वेळ आलीच, तर वायफाय असलेला आणि एअरप्रिंट किंवा मोप्रिया या ड्रायव्हरविना छपाईच्या पद्धतींना पाठिंबा देणारा घ्यावा. तो कोणत्याही संगणकाच्या आधाराविना तिन्ही ठिकाणी दिसेल.

दुसरा प्रतिसाद:

फाइलींविषयी लिहितो. तिन्हीकडे लिनक्स असल्यामुळे एनएफएस घ्या, असेच बहुतेक जण सांगतील. तुमची गरज वाचल्यावर माझे मत मात्र सॅम्बाच्या बाजूचे आहे.

एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणले, आणि ज्या कार्यालयांसाठी ते घडले तेथे सगळी यंत्रे एकाच व्यवस्थापकाच्या ताब्यात असत. म्हणून ते नेहमीच्या मांडणीत माणसाला नाव आणि पासवर्ड विचारत नाही. समोरच्या यंत्राने जो वापरकर्ता क्रमांक सांगितला, त्यावर विश्वास ठेवते. डेबियन, उबुंटू आणि मिंट या तिन्हींत बसवणीच्या वेळी तयार होणाऱ्या पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो. म्हणजे तुम्ही डेस्कटॉपवर १०००, मुलगी तिच्या लॅपटॉपवर १००० आणि सासरे त्यांच्या लॅपटॉपवर १०००. एनएफएसच्या दृष्टीने ही तिन्ही माणसे एकच आहेत. मुलीला फक्त वाचता यावे, ही अट मग व्यक्तीनुसार पाळता येत नाही. प्रत्येक यंत्राचा पत्ता पक्का करून यंत्रागणिक नियम तरी लिहावे लागतात, नाहीतर तिन्हीकडचे क्रमांक बदलून फाइलींची मालकी नव्याने द्यावी लागते.

सॅम्बा प्रत्येकाला पासवर्ड विचारतो. डेस्कटॉपवर मुलीचे आणि सासऱ्यांचे खाते उघडावे आणि तुम्हा तिघांसाठीही सॅम्बाचा पासवर्ड द्यावा. हा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डहून स्वतंत्र असतो आणि तो 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या आज्ञेने द्यावा लागतो. त्यानंतर सॅम्बाच्या सेटिंगमध्ये, कागदपत्रांचा 'संस्था' हा फोल्डर मुळात केवळ वाचनासाठी घोषित करून, लेखनाचा अधिकार असलेल्यांच्या यादीत तुमचे आणि सासऱ्यांचे नाव घालावे. सासऱ्यांनी तयार केलेली फाइल तुम्हाला बदलता येत नाही, ही तक्रार पुढे हमखास उद्भवते. ती टाळण्यासाठी तुम्हा दोघांचा एक गट करून तो त्याच सेटिंगमधल्या 'फोर्स ग्रुप'मध्ये नोंदवावा, आणि नव्या फाइलींचे व फोल्डरांचे परवाने ठरवणारे 'क्रिएट मास्क' ०६६४ व 'डिरेक्टरी मास्क' २७७५ ठेवावे. प्रत्येक नवी फाइल मग आपोआप त्या गटाची होते आणि दोघांनाही लिहिता येते.

लॅपटॉपवर हा फोल्डर एफएसटॅबमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना काय काय जोडायचे त्याच्या यादीच्या फाइलीत, नोंदवून कायमचा जोडावा. त्या नोंदीत 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' हे दोन्ही पर्याय असू द्यावेत, म्हणजे डेस्कटॉप बंद असताना लॅपटॉप सुरू होताना अडून बसणार नाही.

तिसरा प्रतिसाद:

वरील मांडणी मला मान्य आहे. फक्त एनएफएसला अगदीच मोडीत काढू नये, असे वाटते. घरातली छायाचित्रे, चित्रफिती, अशा सर्वांनी नुसत्या पाहायच्या गोष्टींसाठी ते साधे आणि जलद आहे, आणि त्याच्या चौथ्या आवृत्तीला २०४९ हा एकच पोर्ट पुरतो. वेगाची चर्चा मात्र वायरीपासून सुरू करावी. राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतील, तर सॅम्बा घ्या वा एनएफएस घ्या, सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर काही जात नाही. गिगाबिट असेल तर हाच आकडा ११०च्या आसपास पोहोचतो.

प्रत्येक संगणकावर फाइलींच्या प्रती ठेवून त्या परस्पर जुळवणाऱ्या सिंकथिंग या प्रोग्रामचे नाव या धाग्यावर निघेलच, म्हणून आधीच लिहितो. डेस्कटॉप बंद असतानाही फाइल हाताशी राहते, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु दोघांनी एकच इतिवृत्त आपापल्या प्रतीत बदलले, तर सिंकथिंग दोन्ही प्रती ठेवून एकीच्या नावात संघर्षाची खूण घालतो, आणि तुमची मूळ अडचण नेमकी हीच आहे. सामायिक फोल्डरमध्ये फाइल एकच असते. लिब्रेऑफिसमध्ये ती एकाने उघडली की शेजारी कुलुपाची एक लपलेली फाइल तयार होते आणि दुसऱ्याने तीच उघडू पाहिल्यास, दस्तऐवज अमुक व्यक्तीकडे उघडा आहे, केवळ वाचनासाठी उघडावा का, असे विचारले जाते. ते अमुक नाव लिब्रेऑफिसच्या वापरकर्ता माहितीतून घेतले जाते, म्हणून तिघांनीही तेथे आपले नाव लिहून ठेवावे.

धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. सॅम्बा आणि कप्स दोन्ही सुरू झाले असून मुलीच्या लॅपटॉपवरून छपाईही झाली. सासऱ्यांच्या लॅपटॉपवर मात्र प्रिंटर आणि फोल्डर, दोन्ही दिसत नाहीत. मागच्या खोलीत सिग्नल येत नसल्यामुळे तेथे वेगळा राउटर बसवला आहे आणि त्यांचा लॅपटॉप त्याला जोडलेला असतो. इंटरनेट व्यवस्थित चालते.

पहिला प्रतिसाद देणारे:

कारण बहुधा तोच राउटर आहे. डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि सासऱ्यांच्या लॅपटॉपचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर एकाच घरात दोन निराळी नेटवर्क तयार झाली आहेत. मागच्या राउटरमधून बाहेर जाता येते म्हणून इंटरनेट चालते. परंतु प्रिंटर स्वतःची ओळख ज्या घोषणेद्वारे देतो, ती राउटर ओलांडून पलीकडे जात नाही. मागच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट हा पर्याय असेल, तो निवडावा, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम एकट्या मुख्य राउटरकडे राहील. तसेच सासऱ्यांचा लॅपटॉप अतिथी वायफायवर नाही ना, हेही पाहावे, कारण त्यावरची उपकरणे मुद्दाम एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात.

मुख्य राउटरवर ६३१ किंवा सॅम्बाचा ४४५ हा पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडू नये, कोणी तसे सुचवले तरीही. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स-ब्राउझ्ड या सहायक सेवेत गंभीर त्रुटी उघड झाली होती. ६३१ वर येणाऱ्या अनोळखी संदेशावर विश्वास ठेवून ती सेवा बनावट प्रिंटर स्वीकारत असे. दुरुस्त्या लगेच आल्या, म्हणून डेबियनसह तिन्ही यंत्रणा अद्ययावत कराव्यात.

दुसरा प्रतिसाद देणारे:

एक पुरवणी. आता संस्थेची सगळी कागदपत्रे डेस्कटॉपच्या एकाच डिस्कवर आली आहेत, आणि सामायिक फोल्डरमधून चुकून पुसलेली फाइल तिघांकडूनही एकाच क्षणी जाते. सॅम्बाच्या त्या फोल्डरला 'रीसायकल' हे मॉड्यूल जोडावे, म्हणजे पुसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये साठतील. आणि आठवड्यातून एकदा बाहेरची डिस्क लावून आरसिंक या प्रती घेणाऱ्या प्रोग्रामने प्रत घ्यावी. प्रत घेऊन झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी.