मदत हवी आहे: पणजोबांचा मिलिटरी क्रॉस (ब्रिटिश शौर्यपदक) खरंच त्यांचा का?

पणजोबा पहिल्या महायुद्धात आयएमएसमध्ये (इंडियन मेडिकल सर्व्हिस, ब्रिटिशकाळातली लष्करी डॉक्टरांची सेवा) सर्जन, टेम्पररी कमिशन, पोस्टिंग मेसोपोटेमिया. घरी चार मेडल्स आहेत. १९१४-१५ स्टारच्या पाठीवर आणि ब्रिटिश वॉर, व्हिक्टरी मेडलच्या कडेवर नाव-रँक कोरलंय, म्हणजे ती त्यांचीच. घोळ आहे तो चांदीच्या मिलिटरी क्रॉसचा, त्यावर नावच नाही, पण तेव्हा तो बिननावाचाच द्यायचे त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. लंडन गॅझेट (ब्रिटिश सरकारचं राजपत्र, त्यात अशी पदकं जाहीर व्हायची) ऑनलाइन आडनावाची वेगवेगळी स्पेलिंग टाकून बघितलं, हाती काही लागलं नाही (जुन्या स्कॅनमधला सर्च तसाही बेभरवशाचा). सर्व्हिसचे कागद घरात नाहीत, लंडनला जाणं जमणार नाही. मेडल्स विकायची नाहीयेत, प्लीज किंमत सांगू नका. तर अशा टेम्पररी ऑफिसरचं रेकॉर्ड ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार बघणारं तेव्हाचं ब्रिटिश खातं) कागदांत शोधायचं की ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, आणि घरबसल्या स्कॅन मागवता येतो का?